आप्पा बसमधून उतरले

"तुम्ही या जाऊन. मी बसतोय हितं."

एवढं म्हणून आप्पा बुटांच्या नाड्या सैल करायचे, डोक्यावरची पांढरी टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि बसच्या काचेला डोकं टेकायचे. काचेपलीकडे कोणता देश आहे याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसायचं. रोममध्ये हेच वाक्य, पॅरिसमध्ये हेच, आणि स्वित्झर्लंडमध्ये बर्फाच्या डोंगरापाशी गेलो तेव्हाही हेच. बाकीचे प्रवासी स्वेटर, कानटोप्या, मोबाईल सावरत धडाधडा उतरायचे. आप्पा जागचे हलायचे नाहीत.

मी बेळगावच्या एका टूर कंपनीत टूर मॅनेजर आहे. राहते अनगोळात. तुम्ही कधी अशा सहलीला गेला असाल, तर हातात बंद छत्री उंच धरून पुढे चालणारी आणि दर दहा पावलांवर मागे वळून माणसं मोजणारी एक बाई तुम्ही पाहिली असेल. ती मी. लोक म्हणतात, तुमचं काय, बसल्या जागी जग बघायला मिळतं. मी हसते. कुठल्याही मोठ्या शहराचं नाव सांगा, तिथलं स्वच्छतागृह कुठे आहे आणि बस कुठे उभी करू देतात, एवढं मी लगेच सांगेन. त्यापुढचं शहर मी पाहिलेलं नाही. देश पाहिले ते माणसं मोजता मोजता. कुणाचा पासपोर्ट हॉटेलात राहतो, कुणाला खोली लहान मिळते, कुणाला वरणात हिंग लागत नाही. रोज सकाळी उठून सगळ्यांच्या आधी हसऱ्या चेहऱ्यानं खाली यायचं. या हसण्यानं माणूस फार दमतो.

म्हणून असेल, पहिल्या सहलीत मला आप्पांचा रागच आला होता. इतक्या लांब येऊन हा माणूस बसमध्ये बसून राहतो, म्हणजे उद्या घरी गेल्यावर तक्रार करणार की आम्हाला काही दाखवलं नाही. शिवाय बसचे ड्रायव्हर कटकट करायचे. त्यांना बसला कुलूप लावून कॉफी प्यायला जायचं असायचं. मग मी आप्पांना खाली उतरवायची. तेही कुरकुर न करता उतरायचे आणि बसच्या सावलीत फुटपाथवर बसायचे. खिशातून भडंगाची पुडी काढून ड्रायव्हरपुढे धरायचे. दोन दिवसांनी ड्रायव्हरनं कुलूप लावणं सोडून दिलं.

आप्पा निपाणीचे. तंबाखूचे व्यापारी. जैन कुटुंब, मोठा मुलगा आता धंदा बघतो. अंगानं उंच, सडसडीत, चालताना ताठ. त्यामुळे गुडघ्यांचा काही त्रास असेल हा तर्कही टिकायचा नाही. स्वतःची आणि बायकोची अशा दोन्ही बॅगा तेच उचलायचे. सहप्रवाशांनी आपापल्या परीनं कारणं शोधली होती. कुणी म्हणे आळशी आहेत, कुणी म्हणे बायकोच्या हट्टानं आलेत आणि आता सूड उगवतायत. मलाही हे दुसरं कारण पटलं होतं.

कारण त्यांची बायको अगदी उलट. ठेंगणी, गोल, नऊवारी सोडून नुकतीच पाचवारीवर आलेली आणि पायात मुलानं घेऊन दिलेले भडक निळे बूट. सगळी बस त्यांना आक्का म्हणायची. आक्कांचं माहेर सदलग्याचं, घरात कानडी, त्यामुळे चिडल्या किंवा घाईत असल्या की तोंडातून कानडी यायचं. "साकु, साकु!" म्हणजे पुरे, पुरे. मी एखाद्या इमारतीचा इतिहास सांगायला लागले की थोड्या वेळानं मागून "साकु पोरी, चल आता" असा आवाज यायचा, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाटच बघत असायची.

आक्का सगळीकडे जायच्या. पायऱ्या असतील तर पायऱ्या, रांग असेल तर रांग. आणि परत आल्या की बसमध्ये चढायच्या आधीच त्यांचं सुरू व्हायचं, "अहो ऐकलं का?"

आप्पा डोळे न उघडता टोपी उचलून बाजूच्या सीटवर जागा करायचे. "हं. काय बगितलंस?"

पॅरिसच्या टॉवरवरून उतरल्या तो दिवस मला आठवतो. मी त्यांच्या पुढच्याच सीटवर बसून माणसं मोजत होते.

"वर लई वारं. आन् एक पोरगी होती बगा, पिवळा डगला घातलेली. तिच्याफुडं एक पोरगा गुडघ्यावर बसला, अंगठी घिऊन. सगळी लोकं टाळ्या वाजवाय लागली. तर ती न्हाय म्हणाली."

"न्हायच म्हणाली?"

"मान हलवली की अशी. पण अंगठी हातात धरून उभी राहिली. परत दिली न्हाय."

आप्पांनी एक डोळा उघडला. "मग म्हणंल व्हय. दोन दिवस जाऊं देत."

"मला बी तसंच वाटतंय."

"आन् टॉवर?"

"टॉवर हाय की. लोखंड हाय सगळं."

बर्फाच्या डोंगरावरून आल्या तर बर्फाबद्दल एक अक्षर नाही. तिथे कोरियाची की चीनची एक म्हातारी भेटली, तिनं आक्कांचे गारठलेले हात पाहून आपला एक हातमोजा काढून दिला आणि दोघी एकेक मोजा घालून तासभर फिरल्या. "ती तिच्यात बोलत होती, मी माझ्यात. तिच्या सुनेचं काय तरी दुखणं हाय," असं आक्कांनी सांगितलं. "तुला कसं कळलं?" असं आप्पांनी विचारलं नाही. "बरी व्हईल," म्हणाले.

दुसऱ्या वर्षी ती दोघं माझ्याबरोबर व्हिएतनामला आली, आणि त्यानंतर नॉर्वेला. नॉर्वेत अगदी उत्तरेला गेलो तेव्हा मोठा पेच पडला. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही हा आक्कांचा नेम, आणि तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. आप्पा खूश होते. "म्हंजे हितं कवाबी जेवलं तर चालतंय!" आक्कांनी बराच विचार केला आणि मला बोलावून घेतलं. आत्ता निपाणीत किती वाजलेत ते विचारलं. आपल्याकडे दिवस मावळतो तेव्हा तिथे जेमतेम दुपारच्या चहाची वेळ होत असते. आक्कांनी ताट बाजूला सारलं.

"अगं, आपण नॉर्वेत हाय. नॉर्वेचा सूर्य धर की," आप्पा म्हणाले.

"सूर्य एकच हाय. नॉर्वेचा निराळा आन् निपाणीचा निराळा असतोय व्हय?"

तिथे होतो तेवढे दिवस दोघांनी दुपारीच जेवून घेतलं, आणि मग लख्ख उन्हात उपाशीपोटी आप्पा खिडकीबाहेर बघत बसायचे. "कवा बुडणार हे," असं पुटपुटताना मी त्यांना ऐकलं आहे.

त्याच सहलीत माझी पाठ धरली. कुणाची तरी बॅग उचलायला वाकले आणि सरळ होता येईना. स्थानिक गाईडवर माणसं सोपवली आणि मी बसमध्ये आप्पांच्या शेजारच्या सीटवर आडवी झाले. बाहेर बारीक पाऊस होता, डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राचं, फियोर्डचं, पाणी करडं दिसत होतं. आप्पांनी भडंगाची पुडी पुढे केली.

"दमलीस पोरी."

इतक्या वर्षांत एकाही प्रवाशानं मला हे म्हटलं नव्हतं. मला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून मी विषय बदलला. विचारलं, "आप्पा, तुम्ही उतरत का नाही? खरं सांगा."

त्यांनी पुडी गुंडाळून खिशात ठेवली. मग म्हणाले, "जन्मभर मीच फिरलो. तंबाखूच्या मागं गुंटूर, नडियाद, पार बिहारपत्तूर गेलतो. ही घरात. सासू, पोरं, वखारीवरच्या माणसांचा चहा. मी घरी आलो की पानी द्यायची आन् समोर बसायची. म्हणायची, काय बगितलं? मी म्हणायचो, काय बगायचंय, तंबाखूच की. आन् निजायचो."

"मग?"

"मग काय. आता तिनं बगावं, तिनं सांगावं. मी ऐकतोय."

"पण तुम्ही बरोबर जाऊन बघितलं तरी त्या सांगतीलच की."

आप्पांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मी अगदीच लहान आहे. "मी बगितलेलं मलाच कशाला सांगंल गं ती?"

त्यानंतर मी त्यांना बसमधून उतरा असं कधी म्हटलं नाही. एखाद्या ठिकाणी ड्रायव्हरनं हट्ट केलाच, तर मी त्याच्याशी भांडायची.

पुढच्या वर्षी त्यांचं बुकिंग आलं नाही. मला वाटलं, नातवाचं लग्न वगैरे असेल. हिवाळा सरता सरता आप्पा टिळकवाडीतल्या आमच्या ऑफिसात आले. एकटेच. बारीक झाले होते. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "एक शीट लिही. तुर्कस्तान."

"एक? आणि आक्का?"

"गणपतीच्या आधी झटका आला तिला. उजवी बाजू गेली. बोलणं बी गेलं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "एकच शब्द राहिलाय. साकु. पानी पायजे, साकु. दार लाव, साकु. पोरगा आला, साकु. सगळं त्यातच म्हणती. सूनबाईला कळतंय, मला बी कळाय लागलंय."

आमच्या ऑफिसातल्या मुलीनं आणलेला चहा निवत राहिला.

"तुमच्या हिथलं पुस्तक आलं टपालानं, रंगीत चित्रांचं," आप्पा सांगू लागले. "मी आपलं कपाटात ठेवाय लागलो. तर ओरडाय लागली, साकु साकु. फुडं धरलं. एकेक पान उलटलं. ह्या तुर्कस्तानावर आल्यावर डाव्या हाताचं बोट ठेवलं. मी म्हटलं, बरं, तू बरी हो, मग जाऊया. तर मलाच ढकलली. डाव्या हातात जोर हाय अजून. ढकलती आन् दाराकडं बोट करती. मी म्हटलं, तू न्हायस तर मी जाऊन काय करू? तर परत ढकलली."

"म्हणजे तुम्ही जाऊन यायचं, आणि..."

"आन् येऊन सांगायचं," आप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली भीती होती. "मला काय येतंय सांगाय?"

इस्तंबूलच्या पहिल्या सकाळी बस थांबली तेव्हा मी सवयीनं आप्पांच्या सीटजवळून पुढे गेले. मागे पाहते तर ते उठून उभे. बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या. सगळ्यांच्या शेवटी, बाजूचा दांडा धरून, एकेक पायरी करत ते खाली उतरले. रस्त्यावर उभे राहून इकडं तिकडं पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "आता कुठं बगायचं?"

मोठी मशीद पाहून झाली, जुना राजवाडा पाहून झाला. संध्याकाळी बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "सांगा बघू. मीच आक्का असं समजा."

आप्पांनी घसा साफ केला. "मशीद बगितली."

"हं."

"मोठी हाय."

"आणि?"

"गर्दी हाय."

मी हसू दाबलं. ते ओशाळले. टोपी हातात फिरवत म्हणाले, "बग. म्हटलं न्हवतं?"

"आक्का असत्या तर काय सांगितलं असतं त्यांनी?"

"ती म्हणाली असती... मांजरं लई."

"होतीच की मांजरं. रस्ताभर."

"व्हय. एक तर फळाच्या दुकानात तराजूच्या पारड्यात निजलतं. दुकानदारानं त्याला उठवलं न्हाय. शेजाऱ्याचा तराजू मागून आणला आन् त्यात तोलाय लागला."

"आप्पा, हेच सांगायचं!"

"हे?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "हे सांगायचं असतंय व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. कामच म्हणायला हवं. सत्तरी ओलांडलेला माणूस, दिवसभर चालायचा, आणि इमारतींकडे पाठ करून माणसं न्याहाळायचा. जहाजातून खाडी ओलांडताना सगळे दोन्ही काठांवरचे महाल बघत होते. आप्पा एका बाईकडे बघत होते. ती पावाचे तुकडे पाण्यावरच्या पक्ष्यांना टाकत होती आणि अधूनमधून एक तुकडा स्वतः खात होती. मुलानं घरून मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला, आक्कांना दाखवतो म्हणाला, तर आप्पांनी त्याला थांबवलं. "फोनवर न्हाय. घरी आल्यावर समोर बसून सांगणार हाय मी." फोनमध्ये आक्कांचा अर्धा चेहरा दिसला. त्यांनी डावा हात तेवढा हलवला.

आणि मग त्या मोठ्या, छत असलेल्या बाजारात आप्पा हरवले. ठरलेल्या वेळेला सगळे बसमध्ये आले, आप्पा नाहीत. तिथे बस फार वेळ उभी करू देत नाहीत. पोलीस शिट्ट्या मारत होता, ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता, आणि मागच्या सीटवरचे एक निवृत्त अधिकारी मोठ्या आवाजात शिस्तीवर बोलत होते. मी बाजारात परत शिरले. त्या दिवशी पहाटेपासून मी दोन वेळा हॉटेलवाल्याशी भांडले होते, एकाला दवाखान्यात नेऊन आणलं होतं. गल्ल्या सगळ्या सारख्या, दिवे सगळे सारखे. शेवटी कापडाच्या गल्लीत आप्पा दिसले. एका दुकानासमोर ठेंगण्या स्टुलावर बसले होते. हातात काचेच्या इवल्या पेल्यात चहा.

"आप्पा! अहो बस थांबलीय!"

"थांब की जरा," ते समोरून नजर न हलवता म्हणाले. "ती बग. आई आन् पोरगी. पडद्याचं कापड घ्यायला आल्यात. आई निळं म्हणती, पोरगी तांबडं म्हणती. पोरीचं लगीन असणार. मघापासनं चाललंय. आईनं एकदा पोरीच्या हातातनं कापड वडून घेतलं, आन् दुकानदारानं आईलाच चहा दिला."

"अहो पण सगळे..."

"आता उठून गेलो तर अर्धवट काय सांगू घरी? ती म्हणंल, फुडं काय झालं?"

मी रागवायला हवं होतं. त्याऐवजी शेजारचं स्टूल ओढून बसले. दुकानदारानं न विचारता माझ्याही हातात चहा दिला. मी तो प्याले. या शहरात मी कितीदा येऊन गेले होते आणि तिथला चहा बसून कधी प्याले नव्हते. त्या दोघी कापड गालाला लावून बघत होत्या, बोटांनी वीण चाचपत होत्या. अखेर आईनं निळं खाली ठेवलं, मुलीनं तांबडं खाली ठेवलं आणि दोघी काहीही न घेता हातात हात घालून निघून गेल्या.

"न्हाय घेतलं," आप्पा म्हणाले. घरचंच कुणीतरी रिकाम्या हातानं गेल्यासारखे ते खट्टू झाले. मग उठले. "पण हातात हात घालून गेल्या. हे सांगाय पायजे."

बसमध्ये मी सगळ्यांना सांगितलं की रस्ता मीच चुकले होते.

पुढे डोंगरात कोरलेली जुनी घरं बघायला गेलो. चढ होता, ऊन होतं. अर्ध्या वाटेत आप्पा एका दगडावर बसले, धाप लागलेली. मीही बसले. खाली दरीत आमची माणसं मुंग्यांसारखी फोटो काढत फिरत होती.

"बगणं लई दमणुकीचं काम हाय गं," ते म्हणाले. "मला वाटायचं, ही मजेत फिरून येती. रोज एवढं बगायचं, ध्यानात ठेवायचं, आन् वर हसत हसत सांगायचं. कसं करत असंल?"

"दमत असतील त्याही."

"एकदा बी म्हणाली न्हाय." ते बाटलीतलं पाणी प्याले. "मी बी कधी विचारलं न्हाय."

मुंबईहून परतताना आमची गाडी निपाणीला हायवेवर थांबली, तेव्हा सकाळ झाली होती. त्यांचा मुलगा मोटार घेऊन उभा होता. आप्पा दारापाशी येऊन थबकले. परीक्षेला निघालेल्या मुलासारखा चेहरा.

"सुरुवात कुठनं करू?"

"मांजरापासून," मी म्हटलं.

महिन्याभरानं मी फोन केला. विचारलं, सांगून झालं का सगळं? तर म्हणाले, "कुठलं? अजून इस्तंबुलातच हाय. रोज दुपारी थोडं थोडं सांगतोय. ती घाई करू देत न्हाय." आवाज बरा वाटला. मीही बरी होते त्या काळात. नंतर सहलींचा हंगाम सुरू झाला, मी बालीला गेले, मग जपानला, मग पुन्हा युरोप. फोन राहून गेला.

ऐन पावसाळ्यात मी परत आले तेव्हा कळलं, आप्पा गेले. आजारी नव्हते. जेवून हात धुवायला उठले आणि मोरीपाशीच खाली बसले. मी होते तेव्हा व्हिएन्नात, कुणाची तरी हरवलेली बॅग शोधत.

दुसऱ्याच दिवशी निपाणीला गेले. संकेश्वर मागं पडलं तरी मला ठरवता येत नव्हतं, काय बोलायचं. बोलता न येणाऱ्या बाईचं सांत्वन कसं करायचं? शिवाय मी इतकी थकले होते की सांत्वन करण्याएवढंही त्राण माझ्यात उरलेलं नव्हतं.

आक्का सोप्यात खिडकीजवळ खुर्चीत होत्या. उजवा हात मांडीवर निपचित. मला पाहिलं आणि डोळे भरले, पण लगेच डाव्या हातानं मला ओढून शेजारी बसवलं. सूनबाई म्हणाली, "आता थोडंफार बोलतात. रोज व्यायाम करून घ्यायला ताई येतात. पण आम्हाला वाटतं, आप्पांमुळंच बोलायला लागल्या. ते सांगताना कुठं अडले की ह्या पुढचा शब्द काढायच्या."

आक्कांनी माझा हात घट्ट धरला. ओठ जुळवायला वेळ लागला. मग म्हणाल्या, "उं... ट."

मला कळेना.

"उंट. तू... पडली."

सूनबाई हसली, पदरानं डोळे पुसत. "तुम्ही तुर्कस्तानात उंटावरून पडला ना, ते म्हणतायत. आप्पांची ही गोष्ट लई वेळा झाली. रोज सांगा म्हणायच्या."

तिथे उंट होते खरे, फोटो काढण्यापुरते, रस्त्याच्या कडेला झूल घालून उभे केलेले. मी त्यांच्या जवळपासही गेले नव्हते. माणसं मोजत बसच्या दाराशी उभी होते.

आक्का सांगत होत्या. एकेक शब्द कुठून तरी खोलातून काढल्यासारखा वर येत होता, मध्ये मोठी जागा सुटत होती. मी छत्री हातात घेऊन ऐटीत उंटावर बसले. उंट उठला. मी मागच्या मागे घसरले. एक चप्पल तशीच उंटावर राहिली. छत्री उंटानं तोंडात धरली. उंटवाला रडायला लागला, कारण त्याला वाटलं ह्या बाईचा पाय मोडला. मग आप्पांनी मला उचलून बसवलं, पाणी पाजलं, आणि सगळ्या बसला दम दिला, की पोरगी दमलीय, आज कुणी तिला काही विचारायचं नाही.

एवढं सांगताना आक्कांना धाप लागली होती. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण ती पुरेपूर हसत होती.

मी मान खाली घालून ऐकत राहिले. रोज दुपारी, या खुर्चीसमोर बसून, 'मोठी हाय' आणि 'गर्दी हाय' यापलीकडे काही न सुचणाऱ्या त्या माणसानं हे सगळं कुठून आणलं असेल, ते मला कळत नव्हतं.

"ला... गलं?" आक्कांनी विचारलं.

"हो आक्का. लागलं होतं."

"कुठं?"

मी डावा गुडघा पुढे केला. आक्का जराशा वाकल्या, त्यावर आपला चालता हात ठेवला आणि हळूहळू चोळू लागल्या. सूनबाईनं चहा आणून ठेवला. मी पाय मागे घेतला नाही.